खाल्लं की पोट फुगतं, मग खाऊ कशी?

डॉक्टरताई,

मी २३ वर्षांची. जवळजवळ तीन वर्षं माझं खाण्याशी भांडण चाललं होतं. आधी खायचंच नाही, नंतर खाल्लं तर उलटून काढायचं. गेल्या वर्षी निदान झालं, समुपदेशन सुरू झालं आणि गेले दोन महिने मी ठरवून, घड्याळ लावून जेवते आहे. सगळे म्हणतात, सुटलीस एकदाची. मी सुटलेय, पण पोटाने मला धरून ठेवलंय. पाच-सहा घास झाले की गळ्यापर्यंत भरल्यासारखं होतं. दुपारचं जेवण रात्रीपर्यंत तिथेच बसून असतं. संध्याकाळी पोट एवढं वर येतं की आरशात बघवत नाही. चार-चार दिवस पोट साफ होत नाही म्हणून सोनामुखीच्या गोळ्या घेते. रोज नाही, पण घेते. एन्डोस्कोपी झाली, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मग मीच वाचून वाचून एकेक बंद केलं. आधी दूध, मग गहू, मग कडधान्यं, कांदा, फळं. आता सात-आठ पदार्थ उरलेत. आई म्हणते, ही सगळी न खाण्याची निमित्तं. खरं सांगा, हे माझ्या पोटात आहे की डोक्यात? आणि पोटच नको म्हणत असेल तर मी जबरदस्तीने का खाऊ? उलट्या आता जवळजवळ बंद आहेत.

– पोटाला वैतागलेली

ता. क. एक जुनी जीन्स आहे. तिचं बटण लागतं का हे रोज सकाळी बघते. हे वेडेपणाचं आहे ना?

*

प्रिय वैतागलेली,

तू माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून सरळ ‘तू’च म्हणते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हे तुझ्या पोटात आहे. पाच घासांत भरतं हे खरं, दुपारचं रात्रीपर्यंत बसून राहतं हे खरं, फुगतं हेही खरं. तुझं पोट खोटं बोलत नाहीये. त्याला फक्त कारण ठाऊक नाही, आणि ज्याला कारण ठाऊक नाही त्याचा सल्ला ऐकायचा नसतो. ‘मला त्रास होतोय’ इथपर्यंत त्याचं ऐक. ‘म्हणून कमी खा’ हे त्याचं पुढचं वाक्य सोडून दे.

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून तू खोटी ठरत नाहीस. एन्डोस्कोपीत जठराचं अस्तर दिसतं, म्हणजे व्रण आहे का, सूज आहे का, गाठ आहे का. सोनोग्राफीत अवयवांचा आकार कळतो. तुझी तक्रार वेगाची आहे. उभ्या गाडीचा फोटो काढून ती किती वेगाने पळते हे कसं कळणार? ऑस्ट्रेलियात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खाण्याच्या विकारासाठी दाखल झालेल्या १०१ स्त्रियांना पोटाबद्दल नीट विचारलं गेलं. त्यातल्या ९८ टक्के स्त्रियांना पचनसंस्थेचा एखादा तरी ‘कार्यात्मक’ विकार होता. कार्यात्मक म्हणजे अवयव धडधाकट दिसतो, पण त्याचं काम बिघडलेलं असतं. तेव्हा तू काही जगावेगळी नाहीस. उलट ज्यांना काहीच होत नाही त्या जगावेगळ्या.

इथे एक कबुली देऊन टाकते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगी दीड वर्ष माझ्याकडे गॅस आणि आंबट ढेकरांसाठी येत होती. मी तीनदा गोळ्या बदलल्या, एकदा दुर्बीण घातली. ‘दिवसभरात काय काय खातेस?’ हे एकदाही विचारलं नाही. ते शेवटी विचारलं आमच्या नर्सबाईंनी, वजनकाट्यापाशी. त्यामुळे ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणाऱ्या डॉक्टरांवर मला फार रागावता येत नाही. पण तो सल्ला कुचकामी आहे, एवढं मात्र म्हणते.

आता कारण. जठर ही नुसती पिशवी नाही, तो स्नायू आहे. त्याचा वरचा भाग घास आला की सैल पडतो आणि जागा करून देतो. खालचा भाग अन्न घुसळतो, साधारण दोन मिलिमीटरहून बारीक झालं की थोडंथोडं पुढे सोडतो. एरवी एक घट्ट जेवण पुढे सरकायला चारेक तास लागतात. पातळ पदार्थ त्याआधीच निघून जातात. बरेच महिने अन्न कमी मिळालं की शरीर काटकसर सुरू करतं. नाडी मंदावते, हातपाय गार पडतात, पाळी थांबते, आणि त्याच हिशेबात आतड्यांची हालचालही कमी होते. येणारच थोडं, तर एवढी यंत्रणा चालू कशाला ठेवायची, असा तो कारभार. वरचा भाग सैल पडणं विसरतो, म्हणून पाच घासांत भरतं. खालचा भाग रेंगाळतो, म्हणून दुपारचं रात्रीपर्यंत राहतं. आपण म्हणतो ना, भूक मेली? ती मेलेली नसते. दार वाजवून कोणी उघडत नाही म्हटल्यावर वाजवायची थांबलेली असते.

आणि मग फास बसतो. खाल्लं की त्रास, म्हणून कमी खायचं. कमी खाल्लं की जठर आणखी मंद. मंद झालं की पुढच्या वेळी आणखी त्रास. हे आजचं निरीक्षण नाही. १८७३ साली शार्ल लासेग नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी न खाण्याच्या या आजाराचं, म्हणजे अॅनोरेक्सियाचं, वर्णन लिहिलं, तेव्हाच त्यांनी नोंदवलं होतं की सुरुवात जेवणानंतरच्या अस्वस्थतेने, पोट भरल्याच्या भावनेने होते आणि रुग्ण स्वतःच ठरवते की यावर उपाय एकच, खाणं कमी करणं. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलींनी तुझ्यासारखंच गणित मांडलं होतं. तुझ्या बाबतीत पहिलं काय होतं, पोटाचा त्रास की वजनाची भीती, हे आज शोधत बसू नकोस. अंडं आधी की कोंबडी, याने जेवण पुढे सरकत नाही.

‘पण माझ्या डोक्यातही काहीतरी आहे ना?’ आहेच. पोट आणि डोकं ही दोन वेगळी घरं नाहीतच. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि त्याची मेंदूशी दिवसरात्र बोलणी चालू असतात. भीतीने पोटात गोळा येतो हे मराठी माणसाला कोणत्याही प्रयोगाशिवाय ठाऊक आहे. तुला तर जेवणाचीच भीती होती. ताटासमोर बसतानाच पोट आवळलेलं असेल, तर आत आलेला घास अडखळणारच. त्यात भर म्हणजे तू तीन वर्षं पोटाकडे कान लावून बसली आहेस. इतरांच्या पोटातही वायू फिरतो, गुडगुडतं, ताण येतो. त्यांना कळत नाही. तुला कळतं, आणि मोठ्याने कळतं. हे सोंग नाही. आवाज वाढवून ठेवलेला रेडिओ आहे, एवढंच.

तरीही मूळ कारण उपासमारच, हे मी कशावरून म्हणते? १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. सगळे स्वयंसेवक होते आणि मनाने खंबीर म्हणून मुद्दाम निवडलेले होते. वजनाची भीती कोणालाच नव्हती. तरी त्यांना पोटाच्या तक्रारी झाल्या, अंगावर सूज आली, थंडी सोसवेना, डोक्यात सतत अन्नाचेच विचार. पुन्हा भरपूर खायला मिळाल्यावरही भूक आणि पोट भरणं यांचा मेळ काही महिने बसेना. म्हणजे ‘तुझा स्वभावच तसा’ हे म्हणणं सोडून दे. कोणाचंही पोट असंच वागलं असतं.

आता संध्याकाळच्या पोटाबद्दल. त्याने तू सगळ्यात जास्त घाबरली आहेस, पत्रात ते स्पष्ट दिसतं. सकाळी सपाट असलेलं पोट संध्याकाळी वर येतं आणि रात्रीत पुन्हा बसतं, ती चरबी असू शकत नाही. चरबी रोज सकाळी उठून कुठे जात नाही. त्यात न सरकलेलं अन्न असतं, वायू असतो, चार दिवसांचा साठा असतो. शिवाय एक गंमत आहे. अनेकांच्या बाबतीत आतला वायू फारसा वाढलेलाच नसतो. ताण जाणवला की छाती-पोटामधला पडदा खाली सरकतो, पोटाचे स्नायू ढिले पडतात आणि पोट पुढे येतं. उपासमारीने तुझे ते स्नायूही झिजले असणार. पातळ कनातीतून आतली हालचाल जास्त दिसते, तसं ते.

याशिवाय पाणी. उलट्या किंवा रेचकं बंद केली की शरीर काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे पाणी धरून ठेवतं. इतके दिवस पाणी वाया जात होतं म्हणून ते राखणारं हार्मोन वाढलेलं असतं, ते खाली यायला वेळ घेतं. पाय, चेहरा, पोट सुजल्यासारखं वाटतं. अनेक जणी नेमक्या याच टप्प्यावर घाबरून परत फिरतात आणि सगळं मुसळ केरात जातं. ही सूज आपोआप उतरते. लघवी जास्त व्हायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने चुकूनही घेऊ नकोस. सूज चांगलीच दिसत असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखव.

बद्धकोष्ठतेचं उत्तर थोडं रुक्ष आहे. जे आत गेलंच नाही ते बाहेर काय येणार? शिवाय रोज एकदा व्हायलाच हवं हा नियम कोणी केलेला नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही नॉर्मल धरतात. उपासमारीत मोठं आतडंही मंदावतं. नियमित खाणं सुरू राहिलं की बहुतेकींच्या बाबतीत ते काही आठवड्यांत वेग धरतं. तुझं आतडं अजून धरत नाहीये याचं एक कारण त्या सोनामुखीत आहे.

तू त्या पोट साफ व्हायला घेतेस, की संध्याकाळच्या पोटाला घाबरून? उत्तर मला नको, स्वतःला दे. काम मात्र दोन्ही वेळी एकच होतं. ही रेचकं मोठ्या आतड्याला चिमटे काढतात. अन्नातलं जे शरीराला घ्यायचं असतं ते त्याआधीच, लहान आतड्यात घेऊन झालेलं असतं. त्यामुळे गोळीने जातं ते पाणी आणि क्षार. त्यातलं पोटॅशियम कमी झालं की आतड्याचा स्नायूच ढिला पडतो, म्हणजे बद्धकोष्ठता वाढते आणि पुढची गोळी लागते. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हेच. ‘नैसर्गिक’ लिहिलेलं चूर्ण किंवा चहा असला तरी फरक पडत नाही. बहुतेकांत सोनामुखीच असते. डॉक्टरांना किती आणि कधीपासून घेतेस ते खरं सांग. ते आतड्यात पाणी धरून मळ मऊ करणारं, चिमटे न काढणारं औषध देऊ शकतात आणि हे कसं सोडायचं ते ठरवून देतील.

चोथ्याचा अतिरेक हीदेखील नेहमीची चूक. पोट साफ होत नाही म्हणून कच्च्या भाज्या, कोंडा, इसबगोल यांचा मारा करायचा. मंद जठरात चोथा तासन्‌तास बसून राहतो, मोठ्या आतड्यात त्याचा वायू होतो आणि जेवायच्या आत पोट भरतं. सध्या तुला कमी आकारात जास्त पोषण हवं आहे. सुरुवातीला चोथा बेताचाच ठेव. साखरमुक्त च्युइंगम आणि गोळ्या चघळत असशील तर त्याही बंद कर. त्यातल्या सॉर्बिटॉलसारख्या पदार्थांनी भल्याभल्यांचं पोट फुगतं. भूक मारायला फसफसणारी पेयं आणि कप कप कॉफी घेत असशील तर तेही आलंच.

आता तुझ्या वगळलेल्या पदार्थांची यादी. दूध, गहू, कडधान्यं, कांदा, फळं ही नावं वाचताच तू कुठे वाचत होतीस ते कळलं. आतड्यात आंबून वायू करणारे पदार्थ टाळण्याचा तो आहार ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने इरिटेबल बॉवेलच्या, म्हणजे पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी वारंवार होणाऱ्या आतड्याच्या विकाराच्या, रुग्णांसाठी तयार केला. तो आहे दोन ते सहा आठवड्यांचा, आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आणि नंतर एकेक पदार्थ परत आणायचा. हा दुसरा अर्धा भाग लोक वाचतच नाहीत. खाण्याचा विकार असलेल्या किंवा त्यातून उठणाऱ्या माणसाने तर तो करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आजाराला पदार्थ वगळायला कारणच हवं असतं, आणि ‘मला सोसत नाही’ यापेक्षा सभ्य कारण मिळणार नाही. कोणी वाद घालत नाही. तुझी आई घालते, पण तिच्याकडे नंतर येते.

म्हणजे सगळंच खोटं का? तसं नाही. दुधातली साखर न पचणं ही खरी गोष्ट आहे, आणि उपासमारीत ती तात्पुरती उद्भवूही शकते, कारण ती पचवणारं विकर आतड्याच्या अस्तरात असतं आणि अस्तरच कुपोषित असतं. पोषण सुधारलं की अनेकदा दूध परत सोसायला लागतं. गव्हाचंही तसंच. गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते असा सीलिअॅक नावाचा आजार असतो आणि अॅनोरेक्सिया झालेल्यांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो, असं स्वीडनमधल्या मोठ्या नोंदींच्या अभ्यासात दिसलं आहे. म्हणून त्याची रक्ततपासणी करून घे. पण ती गहू खात असतानाच करायची असते. आधीच बंद केलास तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो, तेव्हा तपासणीआधी काय आणि किती दिवस खायचं हे डॉक्टरांना विचार. तपासून काही सापडलं तर तो पदार्थ जाईल. बाकीचे परत येतील, एका वेळी एक, थोड्या प्रमाणात, लागोपाठ काही दिवस. एका संध्याकाळी पोट फुगलं म्हणून निकाल लावायचा नाही. तुझं पोट सध्या कशानेही फुगतं, त्यामुळे त्या पदार्थाविरुद्ध हा पुरावाच होत नाही.

आता तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य. सगळं सांगून झाल्यावर, जाता जाता तू लिहिलंस, ‘उलट्या आता जवळजवळ बंद आहेत.’ हा ‘जवळजवळ’ माझ्या टेबलावर तीन दिवस पडून आहे. रागावत नाही. ही सवय एका दिवसात सुटत नाही आणि मध्ये घसरणं म्हणजे हरणं नव्हे. पण ही गोष्ट पोटात ठेवू नकोस, समुपदेशकांना आणि डॉक्टरांना ‘जवळजवळ’चा आकडा सांग. उलटीने पोटॅशियम कमी होतं, आणि ते कमी झालं की हृदयाचा ठोका चुकू शकतो, तेही वजन नॉर्मल दिसत असताना. म्हणून रक्तातले क्षार आणि ईसीजी हे दोन्ही लवकर करून घे, या आठवड्यात. छातीतली जळजळ, घसा बसणं, कानाखालच्या ग्रंथी सुजून गाल भरल्यासारखे दिसणं हे सगळं त्यातूनच येतं आणि उलट्या थांबल्या की हळूहळू ओसरतं. दातांचं कवच तेवढं परत येत नाही. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नकोस, आम्लाने मऊ झालेलं कवच त्याने खरवडलं जातं. साध्या पाण्याने चूळ भर आणि अर्धा-पाऊण तास थांब.

काही गोष्टींसाठी मात्र माझ्या उत्तराची किंवा अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, थेट रुग्णालय. उलटीत रक्त. डांबरासारखी काळी शौच. पोट दगडासारखं ताणलेलं, असह्य दुखतंय आणि उलटीही होत नाही, विशेषतः एका बैठकीत खूप खाल्ल्यानंतर. छातीत कळ, धडधड, चक्कर येऊन पडणं. आणि एक जरा वेगळं. खाल्ल्यावर वरच्या पोटात दुखतं, हिरवट उलट्या होतात आणि कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेतल्यावर बरं वाटतं, असं होत असेल तर ते मुद्दाम सांग. फार वजन उतरलं की लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाभोवतीची चरबीची गादी जाते आणि ते दोन रक्तवाहिन्यांच्या मध्ये दाबलं जातं. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं. त्यावरही बहुतेक वेळा उपाय वजन परत येणं हाच असतो.

मग जेवायचं कसं? ‘जबरदस्तीने का खाऊ’ असं तू विचारलंस. पाय मोडून प्लास्टर निघालं की फिजिओथेरपिस्ट चालायला लावतात. दुखतं, म्हणून कोणी पुन्हा प्लास्टर घालत नाही. जठराचा व्यायाम म्हणजे जेवण, दुसरा कुठला नाही. फक्त पहिल्याच दिवशी पळायला जायचं नाही.

तीन मोठी जेवणं तुला सध्या झेपत नसतील तर तीन लहान जेवणं आणि मध्ये दोन-तीन खाणी कर. दोन खाण्यांत तीन ते चार तासांहून जास्त अंतर नको, आणि सतत तोंड चालूही नको. भूक लागेल तेव्हा खाईन असं ठरवू नकोस. तुझ्या भुकेचं घड्याळ बंद आहे, ते दुरुस्त होईपर्यंत भिंतीवरच्या घड्याळाने चाल. प्रत्येक वेळच्या खाण्यातला थोडा भाग पातळ किंवा मऊ ठेव, तो लवकर पुढे सरकतो. जेवायच्या तोंडावर पोटभर पाणी पिऊ नकोस, जागा त्यानेच भरते. स्निग्ध पदार्थ जठर थोडं मंद करतात हे खरं, पण म्हणून ते काढून टाकायचे नाहीत, तुझ्या शरीराला ते हवेच आहेत. जेवल्यावर तासभर आडवी होऊ नकोस, आणि एकटीही बसू नकोस. गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेव, कोणाशी तरी बोलत बस, हाताला काम दे. त्रासाची लाट साधारण तासा-दीड तासात उतरायला लागते. पोट चाचपायचं नाही, आरशाकडे जायचं नाही. नोंद ठेवायचीच असेल तर त्रास किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता उतरला एवढीच ठेव. काय आणि किती खाल्लं याची मुळीच नको.

याने जमत नसेल तर जेवणाआधी घ्यायची जठराला वेग देणारी औषधं असतात. ती काही काळ उपयोगी पडतात, पण त्यांतल्या काहींचा परिणाम हृदयाच्या ठोक्यावर, काहींचा मज्जासंस्थेवर होऊ शकतो. म्हणून आधी ईसीजी आणि पोटॅशियम, मग औषध, तेही डॉक्टरांनी ठरवलेले दिवसच. अॅसिडिटीची गोळी जळजळ कमी करेल, जठराला पळवणार नाही. तीच वर्षानुवर्षं घेत राहायचं कारण नाही.

हे पत्र तुझ्यासारख्या आणखी कोणी वाचत असतील आणि गेले कित्येक दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल, तर त्यांनी उद्यापासून आपल्या आपण भरपूर खायला सुरुवात करू नये. लांबलेल्या उपासमारीनंतर एकदम अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने खाली येऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. तिथे पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जायला हवेत. तू दोन महिने नियमित खाते आहेस, तुला ही भीती आता फारशी नाही.

किती दिवस? जठराचा वेग काही आठवड्यांत सुधारायला लागतो. ‘भरलंय’ ही भावना मात्र हट्टी असते, वेग सुधारल्यावरही ती काही महिने मागे रेंगाळते. त्यामुळे मधले काही आठवडे असे जातील की काहीच बदलत नाहीये असं वाटेल. तेव्हा पाच घासांचे आठ झालेत का एवढंच आठव. खाणं नियमित होऊन, वजन सावरून सहा महिने झाले तरी त्रास तसाच राहिला, तर पोट रिकामं व्हायला किती वेळ लागतो याची वेगळी तपासणी असते, ती करू. आणि चार दिवसांनी जाऊनही अर्धवटच झाल्यासारखं वाटत असेल, तर गुदद्वाराजवळचे स्नायू ढिले पडायच्या ऐवजी आवळले जातात का, तेही बघता येतं. त्यावर व्यायाम आहेत आणि ते चांगले लागू पडतात.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून ने: खाण्याचा विकार होता आणि त्यातून बरी होते आहे, उलट्या किती, रेचक कुठलं आणि किती, पाळी येते का, शेवटचे क्षार कधी तपासले. नुसतं ‘गॅस होतो’ म्हणालीस तर गॅसचीच गोळी मिळेल. तुझे समुपदेशक, पोटाचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ या तिघांनी एकमेकांशी एकदा तरी बोलावं असा आग्रह धर. एक म्हणतो खा, दुसरा म्हणतो हे-हे टाळ, आणि मधे तू.

हा परिच्छेद आईला वाचायला दे. ताई, तुम्ही खूप सोसलंय आणि तुमचा संशय अगदीच निराधार नाही. या आजारात निमित्तं शोधली जातात. पण पोटात दुखणं हे निमित्त नाही, ते खरं आहे. तिला ‘काही होत नाहीये तुला’ म्हणालात की ती तुमच्याशी बोलायचं बंद करेल आणि पोटाचं ऐकेल. त्याऐवजी ‘दुखतंय ना, मला माहीत आहे; मी बसते शेजारी, उरलेले दोन घास संपव’ असं म्हणून बघा. दुखणं मान्य करायचं, ताट मात्र उचलायचं नाही. ती अर्ध्यावर उठली तर भांडू नका, पुढच्या वेळेला वाढा. आणि जेवणानंतरचा तासभर तिच्यासोबत राहाल का? पहारा म्हणून नको. पत्ते खेळा, भांडी पुसा, कोणाची तरी निंदा करा. मला माझ्या रुग्णांच्या आयांनी सांगितलंय की निंदेचा गुण सगळ्यात चांगला येतो.

ता. क.चं उत्तर ता. क.मध्येच. वेडेपणाचं नाही, पण ती जीन्स रोज सकाळी तुझी परीक्षा घेते आणि तिच्या निकालावर तुझी न्याहारी ठरते. ज्या पोटाचं माप सकाळ-संध्याकाळ बदलतं त्याला ठरावीक मापाचं बटण लावायचंच कशाला? इलॅस्टिकच्या दोन पँटी आण. ती जीन्स आईच्या हातात दे आणि तिचं काय केलं हे विचारू नकोस.